उसाच्या बिलाला चौदा दिवस, मग पगाराला किती वर्षं?

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरातलं कुणी साखर कारखान्यात कामाला होतं किंवा आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात वडिलांच्या जोडीला काम केलेल्या एका काकांच्या रक्षाविसर्जनाला गेलो होतो. नदीकाठी दोन-अडीचशे माणसं. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे श्रद्धांजलीची भाषणं झाली. एक माजी संचालक बोलले, एक आजी संचालक बोलले. "संस्थेच्या जडणघडणीत मोलाचा वाटा", "कारखान्यालाच कुटुंब मानणारा माणूस", सगळं बोलून झालं. खाली बसलेल्या निम्म्या लोकांना माहीत होतं की या माणसाची ग्रॅच्युइटी, चौदा महिन्यांचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे त्याच संस्थेकडे नऊ वर्षं अडकलेत. त्याबद्दल एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. आता काकू वारस दाखल्यासाठी तहसीलला हेलपाटे घालतायत. नवऱ्याच्या घामाचे पैसे मागायला आधी त्याची बायको असल्याचं सिद्ध करायचं!

आमचे आण्णा त्याच कारखान्यात ३१ वर्षं पॅनवर होते. तेही त्याच रांगेत आहेत. कारखान्याचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की कमेंटमध्ये लगेच गट पडतात, हा अमक्याचा माणूस, तो तमक्याचा, आणि मूळ विषय राहतो बाजूला. जे सगळ्यांना माहीत आहे, पेपरात आलंय, तेवढं पुढे नावानिशी लिहितो.

आधी हिशेब बघा. आण्णांचा निवृत्तीवेळचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० रुपये. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात महिना २६ दिवसांचा धरतात, म्हणजे रोजचे ७०० रुपये. वर्षाला १५ दिवस, म्हणजे १०,५००. गुणिले ३१ वर्षं, म्हणजे ३,२५,५०० रुपये. १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा म्हणत होता, ३० दिवसांत द्या. उशीर झाला तर दरसाल १० टक्के सरळ व्याज. नऊ वर्षांचं व्याजच २ लाख ९२ हजारांच्या वर जातं. थकलेला पगार आणि रजेचे पैसे यात धरलेलेच नाहीत.

कारखान्याकडून मिळालं काय? निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि फ्रेम केलेला फोटो. शालीचे पैसे स्टाफने वर्गणी काढून दिले होते.

आणि ही एका घरची गोष्ट नाही. सातारा-सांगलीत सहकाराचा इतिहास कुठल्याही गावच्या पारावर ऐकायला मिळतो. सांगलीचा वसंतदादा कारखाना एकेकाळी आशियातला सगळ्यात मोठा म्हणून सांगितला जायचा. २०१७ साली तो दत्त इंडिया या खासगी कंपनीकडे भाड्याने गेला. तिथल्या निवृत्त कामगारांनी आपल्या देण्यांसाठी आंदोलनं केली, ती सगळ्यांनी बघितलीत. भुईंजच्या किसन वीर कारखान्यात मे २०२२ मध्ये सत्तांतर झालं, तेव्हा थकलेली ऊसबिलं आणि कामगारांचे थकलेले पगार हे दोन्ही विषय गावोगावी बोलले जात होते. आटपाडीचा माणगंगा, कवठेमहांकाळचा महांकाली, तासगावचा कारखाना, नागेवाडीचा यशवंत, जतचा डफळे कारखाना... कुठला बंद पडला, कुठला विकला गेला, कुठला भाड्याने गेला. प्रत्येक गेटच्या आत शेकडो घरांचा हिशेब होता.

कोरेगावचा जरंडेश्वर आठवा. २०१० साली राज्य सहकारी बँकेने लिलाव केला, ६५ कोटी ७५ लाखांना कारखाना गेला. २०२१ मध्ये ईडीने जप्ती आणली. टीव्हीवर महिनोन्‌महिने चर्चा झाल्या, मालक कोण, कंपनी कुणाची, पैसा कुठून आला. विचारायलाच पाहिजे होतं ते. पण त्या लिलावाच्या दिवशी जुन्या कामगारांच्या देण्याचं काय ठरलं, ही चर्चा मी तरी कुठल्या चॅनेलवर बघितली नाही.

ज्यांची नावं या गेटांवर आहेत, ती माणसं कोण होती? २४ जुलै १९४३ ला सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेले वसंतदादा. प्रतिसरकारच्या लढ्यातले किसन वीर. याच मातीत पत्री सरकारने गरिबाला नाडणाऱ्या सावकारांना जाब विचारला होता. त्यांच्या नावाच्या पाट्या लावायच्या आणि आत कामगाराला उधारीवर राबवायचं, हे कुठल्या सहकारात बसतं?

बरं, कायदा नाही असंही नाही. कायदा भरपूर आहे. १९३६ च्या वेतन कायद्याने पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, हजार किंवा जास्त कामगार असतील तर १० तारखेपर्यंत द्यायचा होता. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३३-सी खाली थकीत देणं वसूल करून मागता येत होतं. गेल्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेत तर नोकरी सोडली, काढलं किंवा कारखाना बंद पडला तर दोन कामाच्या दिवसांत सगळा पगार द्या असं लिहिलंय. पूर्वी वेतन कायद्याखाली दावा करायला १२ महिन्यांची मुदत होती, ती आता तीन वर्षं केलीय. चांगलंच आहे.

पण निकाल लागल्यावर काय होतं ते ऐका. प्राधिकरण वसुलीचा दाखला काढतं. तो जातो जिल्हाधिकाऱ्यांकडे, कारण ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची असते. तिथून तहसीलदाराकडे. तहसीलदार कारखान्याचा उतारा काढतो, तर त्यावर बँकेचा बोजा. जमीन तारण, मशिनरी तारण, गोडाऊनमधली साखर तारण. शेरा पडतो आणि कागद परत येतो. नव्या संहितेतही वसुलीचा रस्ता हाच ठेवलाय, दाखला आणि जिल्हाधिकारी. दार नवं बसवलं, आतली भिंत तीच.

यात कामगार तीन दारांत फिरतो. जुनं संचालक मंडळ म्हणतं, ताबा आमच्याकडे नाही. भाड्याने घेणारी कंपनी म्हणते, जुनं देणं आमचं नाही, करार वाचा. बँक म्हणते, आमचं कर्ज आधी. तिघेही आपापल्या जागी कायद्याने बरोबर आणि पॅनवर ३१ वर्षं उभा राहिलेला माणूस तेवढा चूक?

खासगी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि विकायला निघाली, तर २०१६ च्या संहितेत कामगाराच्या शेवटच्या २४ महिन्यांच्या देण्याला तारणदार बँकेच्या बरोबरीचं स्थान आहे. सहकारी कारखाना ही सहकार कायद्याखालची संस्था. बँकेने सरफेसी कायदा लावून मिळकत विकली की कामगार रांगेच्या शेवटी. म्हणजे भांडवलदाराच्या कंपनीत कामगाराला बँकेशेजारी खुर्ची आणि "आपल्या मालकीच्या" सहकारात त्याला दाराबाहेर चप्पल सांभाळायला बसवलेलं.

अपवाद एकच, पीएफ. २००९ साली सुप्रीम कोर्टाने आपल्याच राज्यातल्या सहकारी साखर कारखान्यांच्या प्रकरणात सांगितलं की बँकेकडे तारण असलेल्या साखरेवरही पीएफच्या थकबाकीचा हक्क पहिला. समोर होती राज्य सहकारी बँक, आणि ती हरली. म्हणजे कायद्यात एक ओळ स्पष्ट लिहिलेली असली की बँकेलाही थांबावं लागतं. पगारासाठी आणि ग्रॅच्युइटीसाठी सहकारात ती ओळ आजवर का लिहिली नाही, हे विधानसभेत बसलेल्या कारखानदारांनाच विचारलं पाहिजे. सगळ्या पक्षांत आहेत ते, शोधायला लांब जावं लागत नाही.

आता माझा मूळ मुद्दा.

ऊस घातला की १४ दिवसांत एफआरपी द्यायची, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. नाही दिली तर १५ टक्के व्याज. तरीही नाही दिली तर साखर आयुक्त आरआरसी काढतात, म्हणजे जप्तीचा आदेश. आणि खरी नाडी पुढे आहे. पुण्याच्या साखर संकुलातून दरवर्षी गाळप परवाना घ्यावा लागतो आणि एफआरपी थकवलेल्या कारखान्याचा परवाना अडवला जातो. परवाना अडला की सप्टेंबर-ऑक्टोबरात चेअरमनची झोप उडते. पैसे नाहीत म्हणणाऱ्यांना पैसे सापडतात.

हे आपोआप मिळालेलं नाही. शेतकऱ्यांनी रस्त्यावर ऊस अडवला, डोकी फोडून घेतली, केसेस अंगावर घेतल्या. राज्याने २०२२ मध्ये एफआरपीचे तुकडे पाडायचा निर्णय काढला, राजू शेट्टी कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. राजकारण कुणाला पटो न पटो, लढले म्हणून मिळालं हे मान्य करावं लागेल.

मग त्याच उसाची साखर करणाऱ्या माणसाच्या पगाराला ही नाडी का नाही? परवान्याच्या वेळी ऊसतोड कामगार महामंडळासाठी टनामागे पैसे घेतात, मुख्यमंत्री निधीसाठी टनामागे पैसे घेतात. ऊसतोड मजुराला मिळालेच पाहिजेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण एवढं सगळं परवान्याला बांधता येतं, तर "पगार बाकी नाही" हा एक कागद का बांधता येत नाही?

आता कमेंटमध्ये जे येणार आहे त्याची उत्तरं आधीच देऊन ठेवतो.

"कारखाना तोट्यात होता, देणार कुठून?" तोट्याचा निर्णय कामगाराने घेतला होता का? क्षमता नसताना विस्तार, सहवीज प्रकल्प, डिस्टिलरी, दुसरे बुडते कारखाने चालवायला घेणं, हे पॅनमनने ठरवलं? त्याने पोतं भरून दिलं. ते पोतं बँकेत तारण ठेवून कर्ज उचललं, ते पोतं विकलं. त्या पोत्याच्या किमतीत त्याची मजुरी होती.

"कामगार गरजेपेक्षा जास्त भरले होते." बरोबर आहे, भरले होते. कुणी? निवडणुकीच्या आधी चिठ्ठ्या घेऊन पोरं कुणी पाठवली? ज्यांनी भरले त्यांच्यावर जबाबदारी टाका. सहकार कायद्यात कलम ८८ त्यासाठीच आहे, संस्थेचं नुकसान संचालकांकडून वसूल करायला. ते कलम विरोधकाला नोटीस काढण्यापुरतं वापरलं जातं आणि पक्ष बदलला की फाईल झोपते.

"आधी शेतकऱ्याचं बिल का कामगाराचा पगार?" हे भांडण लावून देणाऱ्यांपासून सावध राहा. आपल्याकडे एक भाऊ ऊस घालतो आणि दुसरा गव्हाणीवर उभा असतो. बाप सभासद आणि पोरगा हंगामी कामगार. एकाच चुलीवरच्या दोन भाकरींचं भांडण लावून द्यायचं आणि आपण गाडीच्या काचा वर करून निघून जायचं, हा जुना डाव आहे.

थोडं आपल्याही लोकांबद्दल बोललं पाहिजे, नाहीतर ही पोस्ट अर्धी राहील.

आण्णांना मी कितीदा म्हटलं, दावा लावूया. आण्णांचं उत्तर ठरलेलं, "पोरा, कारखाना बुडला तर गाव बुडंल. आपणच कोर्टात ओढायचा व्हय?" या एका वाक्यावर आपल्या दोन पिढ्यांचे पगार थकले. पगार दोन महिने थकला, गप्प. सहा महिने थकला, गप्प. पगारातून पतसंस्थेचा हप्ता कापला पण पतसंस्थेला भरला नाही आणि थकबाकीदार म्हणून नोटीस आली कामगारालाच, तरी गप्प. पीएफ कापला आणि भरला नाही, हा तर सरळ फौजदारी विश्वासघात. तरी फिर्याद कुणी दिली नाही, कारण चेअरमन पोराच्या लग्नाला आले होते.

आणि युनियन? सगळ्याच तशा नाहीत, प्रामाणिक लढणारेही बघितलेत. पण बऱ्याच ठिकाणी युनियनचा अध्यक्ष चेअरमनच्या केबिनमध्ये चहा पिऊन बाहेर येतो आणि गेटवर "थोडं सबुरीने घ्या" म्हणून सांगतो. राज्य पातळीवर त्रिपक्षीय करार होतो, २०२१ ला १२ टक्के वाढ, २०२५ ला १० टक्के वाढ. पेढे वाटतात. ज्या कारखान्यात पगारच होत नाही तिथे शून्याच्या दहा टक्के किती होतात, ते सांगा.

ईपीएस-९५ ची पेन्शन किमान एक हजार रुपये आहे, २०१४ पासून तेवढीच. पीएफ अर्धवट भरलेला असेल तर तीही अडकते. म्हणजे म्हातारपणी हातात जी एकच मोठी रक्कम यायची असते ती ग्रॅच्युइटी. पोरीचं लग्न, गुडघ्याचं ऑपरेशन, घराचं छप्पर, सगळं त्या तीन-चार लाखांवर ठरलेलं असतं. वसाहतीतली खोली "देणी द्या मग सोडतो" म्हणून माणूस धरून बसला की त्याचं पाणी आणि लाईट तोडायची तत्परता मात्र व्यवस्थापनाकडे असते.

म्हणून मागण्या स्पष्ट मांडतो. आमदार-खासदारांना टॅग करा, येत्या हंगामाआधी उत्तर मागा.

१. गाळप परवान्याच्या अर्जाला कामगार खात्याचा आणि पीएफ कार्यालयाचा "थकबाकी नाही" दाखला जोडणं सक्तीचं करा. थकबाकी असेल तर हप्ते ठरवून द्या. हप्ता चुकला की परवाना थांबवा.

२. कारखाना भाड्याने देताना किंवा विकताना कामगारांच्या देण्याची यादी नाव आणि रकमेसह टेंडरमध्ये छापा. भाड्याचा ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात आधी जमा व्हावा आणि तिथून थेट कामगाराच्या खात्यात जावा. "जुनं देणं आमचं नाही" हे वाक्य करारात येताच कामा नये.

३. सरकारच्या हमीवर राष्ट्रीय सहकार विकास निगमाची कर्जं कारखान्यांना मिळतात. हमी जनतेच्या पैशाची आहे. त्या कर्जातला पहिला हप्ता कामगारांच्या देण्याला लावा.

४. ग्रॅच्युइटीचा सक्तीचा विमा. ही तरतूद १९८७ सालीच कायद्यात घातली होती. मिरजेपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या कर्नाटकाने २०२४ मध्ये त्याचे नियम केले. महाराष्ट्र कशाची वाट बघतोय?

सरकार काय करेल ते करेल. ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी तोवर एवढं तरी करा. पगारपत्रकं, हजेरी कार्ड, नेमणुकीचं पत्र, निवृत्तीचं पत्र, पीएफचा नंबर, सगळं एका फाईलीत लावा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. कारखाना बंद झाला की टाइम ऑफिसचं रेकॉर्ड उंदीर खातात. मागणी तोंडी करू नका, लेखी करा आणि पोच घ्या. ग्रॅच्युइटीचा अर्ज वेगळा करा, पगाराचा वेगळा, पीएफची तक्रार वेगळी, कारण तिन्हीची कार्यालयं आणि प्राधिकरणं वेगळी आहेत. "मुदत गेली" म्हणून कुणी परत पाठवलं तर गप्प घरी येऊ नका, उशीर माफ करायचा अर्ज देता येतो. एकट्याने जाण्यापेक्षा वीस-पंचवीस जणांनी मिळून एक चांगला वकील धरा. आणि "साहेबांनी शब्द दिलाय" यावर एक दिवसही थांबू नका. शब्दावर व्याज लागत नाही.

शेवटी आण्णांचं सांगतो. रक्षाविसर्जनावरून परत येताना गाडीत ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर कपाटातली प्लास्टिकची पिशवी काढली, पगारपत्रकांची. माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "बघ काय करायचं ते. माझ्या माघारी तुझ्या आईला वारस दाखला काढाय लावू नगं."

सोमवारी अर्ज दाखल करतोय. कोण कोण बरोबर येणार ते कमेंटमध्ये सांगा. आणि पुढच्या रक्षाविसर्जनाला कुणी संचालक भाषणाला उभे राहिले, तर मागून एकाने तरी हात वर करून विचारा: साहेब, यांचे किती बाकी आहेत?

पटलं तर पुढे पाठवा. नाव राहू दे न राहू दे, विषय पोचला पाहिजे.